निघताना म्हणायचा शब्द

कोल्हापुरात मराठी शिकवणारे पुष्कळ आहेत, वाचायला शिकवणारी मी एकटी. हे मी आढ्यतेनं म्हणत नाही, आणि म्हणत असले तरी ते खरं आहे. चौतीस वर्षं कॉलेजात काढली. निवृत्तीच्या दिवशी प्राचार्यांनी माझं नाव ‘चंदना मगदूम’ऐवजी ‘वंदना मगदूम’ असं छापलेलं सन्मानचिन्ह दिलं, तेव्हाच ठरवलं की आता या गावाला अक्षर न् अक्षर बघायची सवय लावायची. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला प्रतिभानगरातल्या माझ्या हॉलमध्ये मी आठ खुर्च्या मांडते आणि आम्ही एक पान वाचतो. एकच पान, महिनाभर.

पद्धत ठरलेली आहे. पहिल्या रविवारी फक्त मोठ्यानं वाचायचं, प्रत्येकानं एकदा. अर्थाबद्दल तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या रविवारी पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघा मारायच्या. कोण करतंय आणि कधी करतंय ते पाहायचं. तिसऱ्या रविवारी बोलणारा कुठं उभा आहे ते हुडकायचं. इथं-तिथं, इकडं-तिकडं, येणं-जाणं हे शब्द लोक बडीशेपेसारखे चघळून टाकतात, पण माणूस सापडतो तो त्यांच्यातच. चौथ्या रविवारी पानावर काय नाही ते बघायचं. आणि या सगळ्याच्या वरचा नियम असा, की लिहिणाऱ्याचं नाव-गाव कुणी विचारायचं नाही. पानावर आहे तेवढंच आपलं.

गणपतराव जाधव एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी म्हणाले होते, "एक पान म्हैनाभर? मॅडम, एवढ्यात पावणं येऊन, जेवून, भांडून परत जात्यात की." तेच गणपतराव आता स्वल्पविरामावरून माझ्याशी हुज्जत घालतात. असा माणूस मी घडवला, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

पण माझी खरी कमाई म्हणजे दीपा पोवार. सत्तावीस वर्षांची, कळंब्याला जेलच्या मागच्या अंगाला राहणारी, बालवाडीत शिकवणारी. आली तेव्हा ‘श’ आणि ‘ष’ एकाच मापानं मोजायची. दोन वर्षांत तिचा कान असा तयार झाला, की वाक्यात एक शब्द उपरा असला तर ती आधी मान वर करायची आणि मग बोलायची. माझ्यानंतर हा वर्ग दीपा चालवेल, असं मी मनाशी धरून ठेवलं होतं.

गेल्या एप्रिलच्या पहिल्या रविवारी वर्गाच्या आधी ती लवकर आली. हातात प्लॅस्टिकची फाइल होती.

"मॅडम, या म्हैन्याला हे पान घ्यायचं का?"

"कुणाचं आहे?"

"तुम्हीच सांगता न्हवं, विचारायचं न्हाय म्हणून." मग खुर्चीवर बसली आणि तिनंच सांगून टाकलं. "यशराजचं हाय."

यशराज तिचा मोठा भाऊ. आदल्या वर्षी मे महिन्यात तो सकाळी घरातून निघाला आणि परत आला नाही. गाडी राधानगरीला धरणाच्या पाण्याच्या कडेला उभी सापडली, किल्लीसकट. पाण्यात माणसं उतरवून शोध झाला, काही मिळालं नाही. गाडीच्या डिकीत हे पान होतं. तपासाला आलेल्या एका हवालदारानं ते उभ्या उभ्या वाचलं, शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, निरोप घेतलाय पोरानं.

"अर्धा मिनिटबी लावला न्हाय त्यांनी," दीपा म्हणाली. "यशराज गोष्टी लिहायचा, मॅडम. ही गोष्ट हाय का चिठ्ठी हाय, ते तरी बघायचं. आई रोज विचारती, त्यो गेला का येणार हाय. मी काय सांगू? तुम्ही वाचा. तुम्ही जे सांगशीला ते आम्ही धरून चालू."

एका आईला आपला मुलगा आहे की नाही हे सांगायचं, आणि तेही एका पानावरून. दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. मला, खरं सांगते, बरं वाटलं. योग्य माणसाकडं योग्य काम आलं होतं.

पान एकरेघी वहीचं, निळ्या शाईचं. कुठलंही पान हातात आलं की मी ते आधी माझ्या वहीत उतरवून काढते, कारण हातानं लिहिल्याशिवाय डोळा घाई सोडत नाही. तसं हेही उतरवलं:

‘पाणी उतरलं की जुना रस्ता वर येतो. डांबर अजून काळं आहे. कडेला मैलाचा दगड आहे, त्यावरचा आकडा शेवाळानं खाल्लाय. रस्ता सरळ घराकडं जातो. तिकडं आई चहा टाकत असेल. तिकडं ऊन असेल. इथं आवाज होत नाही. हाक मारली तर ती आपल्याच अंगावर पडते. कुणीतरी नीट वाचलं तर वाट सापडेल. उठलं पाहिजे. येतो.’

वर्गाला मी झेरॉक्स दिल्या. कुणाचं पान ते सांगितलं नाही. त्या दिवशी आठ जणांनी आठदा वाचलं. गणपतरावांच्या खड्या आवाजातसुद्धा ‘इथं आवाज होत नाही’ हे वाक्य खाली बसल्यासारखं झालं. पंखा फिरत होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता, आणि त्या एका वाक्याला मात्र दर वेळी सगळ्यांचा आवाज उतरायचा. मी वहीत नोंद केली: लय चांगली आहे.

दुसऱ्या रविवारी क्रियापदं. साहजिकच सगळे शेवटच्या शब्दावर येऊन थांबले.

"निघालाय गडी," गणपतराव म्हणाले. "घरातनं भाईर पडताना ‘जातो’ कोण म्हणतंय? ‘येतो’च म्हणायचं. आमची आई ‘जातो’ म्हणलं की पाठीत धपाटा घालायची."

मी याचीच वाट बघत होते. "बरोबर. निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. पण कुठं उभा राहून म्हणतो? जी जागा सोडायची, तिथं. घर सोडणारा घरात उभा राहून म्हणतो. आता पान बघा. आई कुठं आहे?"

"तिकडं," दीपा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"आई तिकडं. ऊन तिकडं. म्हणजे बोलणारा घरात नाहीच. घर त्यानं कधीच सोडलंय. तो आहे तिथून उठायचं म्हणतोय, आणि मग म्हणतो, ‘येतो’. घराबाहेरचा माणूस घराच्या दिशेला तोंड करून ‘येतो’ म्हणाला तर त्याचा अर्थ एकच. तो येतोय."

गणपतरावांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आणि तो माणूस देवळातसुद्धा एकच हात लावणारा. दीपा ओंजळीत तोंड घालून रडली. अर्ध्या मिनिटात वाचणाऱ्यांना मी चाळीस मिनिटांत उत्तर दिलं होतं. त्या दिवशी मी चहात जास्तीची साखर घातली.

संध्याकाळी, माझं जेवण दिवस मावळायच्या आत असतं म्हणून ताट वाढतच होते, तेव्हा फोन आला.

"मॅडम, मी दीपाची आई बोलतोय, तानाबाई. पोरगीनं सांगितलं. खरं हाय न्हवं?"

"पानावर तसं आहे, तानाबाई."

"मग झालं. मला लिवता-वाचता येत न्हाय. पण तुम्ही म्हणलासा म्हंजे खरं." पलीकडं भांड्याचा आवाज झाला. "चहाला आधण ठेवतो रोज एक कप जादा."

तिसऱ्या रविवारी मी पान काढलं आणि चौथ्या ओळीवर माझी पेन्सिल अडली. ‘रस्ता सरळ घराकडं येतो.’

‘जातो’ होतं. ‘जातो’च होतं. त्याखाली मी स्वतः दुहेरी रेघ मारली होती, ती रेघ जागच्या जागी होती, आणि तिच्यावर ‘येतो’ बसला होता. शाई तीच, वळण तेच. मी आधी स्वतःवर संशय घेतला, कारण चौसष्टाव्या वर्षी तो घ्यावा लागतो. वही उघडली. वहीत माझ्या अक्षरात ‘जातो’ होतं. मग खुर्च्याखुर्च्यांतून फिरून सगळ्यांच्या झेरॉक्स बघितल्या. आठही प्रतींवर ‘येतो’.

"काय झालं मॅडम?" गणपतरावांनी विचारलं.

"इथं मागच्या वेळी काय होतं?"

"हेच की. रस्ता घराकडं येतो."

मी दीपाकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही. पानाच्या कडेवरून ती बोट फिरवत होती, आणि तिच्या हातातल्या झेरॉक्सच्या कडा दमट हवेत ठेवल्यासारख्या वळल्या होत्या. एप्रिलमधल्या कोल्हापुरात, सकाळी अकराला. उतरवताना मीच चुकले असेन, असं वर्गासमोर म्हणणं मला जमण्यातलं नव्हतं.

त्या दिवशी बोलणाऱ्याची जागा शोधायची होती. माझ्या पानावरचा बोलणारा आता घराच्या दिशेला बराच सरकला होता. रस्ता ‘येतो’ म्हणायचं तर माणूस रस्त्याच्या घराकडच्या टोकाला पाहिजे. हे मी वर्गाला समजावून सांगितलं आणि सांगता सांगता मला मजाही वाटली. इतकं बारीक कुणी शिकवत नाही.

वर्ग संपल्यावर दीपा मागं राहिली.

"तुमच्या तिथं पंखा लावलाय न्हवं?" तिनं विचारलं. ती पंख्याखालीच बसली होती.

"इथं म्हण. तू इथं बसलीयेस."

"व्हय," ती म्हणाली. "तिथं बसलं की बरं वाटतंय."

मी तिला पुन्हा दुरुस्त केलं. दोन वर्षांच्या मेहनतीनंतर असली ढिलाई मला चालत नाही. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. कप उचलायला म्हणून मी तिला दोनदा हाक मारली, तर ती इकडंतिकडं न बघता स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली, काहीतरी येऊन लागल्यासारखी. मला वाटलं, पोरगी भावाच्या काळजीनं थकली आहे. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पानावरच्या ‘इथं-तिथं’वर महिनाभर डोळा रोवून बसलेल्या मला समोरच्या माणसाचं ‘इथं’ हरवताना दिसलं नाही. ऐकलं मी सगळं. पण ते मला व्याकरणाची चूक वाटलं.

चौथ्या रविवारी मी पान वर्गाच्या आधी एकटीनं वाचलं.

‘इकडं आई चहा टाकते. इकडं ऊन आहे. तिथं आवाज होत नाही.’

वहीशी ताडून पाहिलं. ‘तिकडं’ होतं तिथं ‘इकडं’. ‘इथं’ होतं तिथं ‘तिथं’. ‘असेल’ निघून गेलं होतं. माणूस आता अंदाज करत नव्हता, बघत होता. मी वही मिटली, पण आत कुठंतरी, आणि हे लिहायला मला जड जातंय, मी खूष झाले. माझं वाचन पानाला पटलं होतं. पान माझ्यासारखंच म्हणायला लागलं होतं.

वर्ग झाला. मी फारसं बोलले नाही. दीपा कोपऱ्यातल्या खुर्चीत होती, तिची पाळी आली तेव्हा तिनं वाचलं. ओठ हलले. बाकीचे ऐकत असल्यासारखे बसले होते आणि कुणीच ‘मोठ्यानं’ म्हणालं नाही. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

साडेअकराला सगळे उठले. दीपा शेवटची. दारात चपला घालून ती वळली आणि आता अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली,

"येतो, मॅडम."

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "येते म्हण."

ती हसली, जिना उतरली, गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्याकडं मुली ‘मी येतो, मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. बायका, म्हाताऱ्या, सगळ्याच. त्यात त्यांना काही वेगळं वाटत नाही. पुण्यामुंबईचे लोक हसतात म्हणून मी कॉलेजात चौतीस वर्षं मुलींना ‘येते’ म्हणायला शिकवलं. दीपालाही शिकवलं. दोन वर्षांत ती माझ्यासमोर एकदाही ‘येतो’ म्हणाली नव्हती.

मी दार लावलं नाही. तशीच टेबलाशी आले आणि पान परत वाचलं.

पानभरात बोलणारा बाई आहे की बुवा हे सांगणारा शब्द एकच होता, शेवटचा. बाकी ‘आपल्याच’, ‘उठलं पाहिजे’, काहीही कुणाचंही. त्या शेवटच्या शब्दाला मी पुरुष धरून चालले होते. का? तर पान भावाचं आहे हे मला ठाऊक होतं म्हणून. लिहिणाऱ्याचं नाव बाहेर ठेवा म्हणून लोकांना दरडावणारी मी, नाव पदरात घेऊनच वाचायला बसले होते. कोल्हापूरच्या पानावरचा ‘येतो’ बाईचाही असू शकतो, हे कोल्हापुरात जन्मलेल्या माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि निघणाराही तोच शब्द म्हणतो, येणाराही तोच. एका शब्दात दोन माणसं मावत होती. एक येणारा आणि एक निघालेली.

मी दीपाला फोन लावला. लागला नाही. परत लावला. चारपर्यंत लावत होते.

चारला तानाबाईंचा फोन आला. आधी नुसता रडण्याचा आवाज. मग, "मॅडम, आला. यशराज आला. चालत आला वो. पायाला काळा चिखुल हाय गुडघ्यापतोर. चहा पितोय. तुम्ही म्हणलासा तसंच झालं."

मी विचारलं, "दीपा?"

"ती तुमच्याकडंच हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळंब्याला गेले. गल्ली भरून माणसं होती. यशराज पलंगावर बसला होता. हडकुळा, दाढी वाढलेला, पण चांगला जिवंत माणूस. कुठं होतास म्हणून विचारलं की तो गोंधळून बघायचा. "मी कुठं गेलतो?" एवढंच. दीपा कबनूरला मावशीकडं आनंदाची बातमी सांगायला गेली असेल असं शेजारणी म्हणत होत्या, आणि मला ते पटवून घ्यायचं होतं म्हणून पटलं. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. कुणीतरी म्हणालं, पोलिसांना जमलं नाही ते मॅडमनी बसल्या जागी केलं. टाळ्या पडल्या. दोन शब्द बोला म्हणाले तर मी दोन शब्द बोलले, वाचन म्हणजे काय यावर. माझा आवाज भरून आला होता. तो किती अभिमानानं आणि किती भीतीनं, हे मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही.

कबनूरला दीपा गेलीच नव्हती. बुधवारी तिची मोपेड राधानगरीला पाण्याच्या कडेला सापडली, किल्लीसकट. पाणी बरंच उतरलं होतं आणि जुन्या डांबरी रस्त्याचा तुकडा वर आला होता, असं गणपतराव जाऊन बघून आले. यशराजच्या पानावरचा शेवटचा शब्द त्या दिवसापासून नाही. ‘उठलं पाहिजे’नंतर पान कोरं आहे. माझी रेघ मात्र आहे, कशाहीखाली नसलेली.

मी वर्ग बंद केला. लोक म्हणाले, मॅडमना विद्यार्थिनीचा धक्का बसला. तसं म्हणू दिलं. बातम्याही वाचायच्या सोडल्या. औषधाच्या बाटलीवरचा कागद काढून ठेवला. वाचण्याची मला भीती वाटते, हे वाक्य मी कुणाला सांगणार?

तीन आठवड्यांनी, दुपारी दोनच्या उन्हात, तानाबाई आल्या. एकट्याच, चालत. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या, केस तेल लावून विंचरलेले. मी पाणी दिलं. त्यांनी ते सगळं प्यायलं आणि वर्गाच्या खुर्च्यांपैकी एकीवर पाठ सरळ करून बसल्या.

"पोरगा कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाय. कामाला जायाला लागलाय सोमवारपास्नं. भाकरी तेवढी येत न्हवती, ती शिकवली. आता जमती त्याला." त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "दीपीच्या कपाटात गावला. साड्यांच्या खाली. तिचंच अक्षर हाय, यशराज म्हणाला. त्याला मी वाचू दिलं न्हाय."

मी कागदाला हात लावला नाही.

"तानाबाई, मला नाही जमणार."

"तुमाला जमत न्हाय असं कुठं हाय का?" त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. "पोरगी सांगायची. आमच्या मॅडमसारखं वाचणारं कोण न्हाय. पोरगा आणलासा तुम्ही. आता पोरगी आणा."

"तुम्हाला कळत नाहीये. त्याच्या बदल्यात—"

"कळतंय की." त्यांनी मला मध्येच थांबवलं. "एक आला तवा एक गेली. तुम्ही शिकलेल्या, तुमाला चार रविवार लागलं. मला त्याच सांजंला कळलं. चहा टाकला तर कप तेवढंच भरलं." त्यांनी हातावरून हात फिरवला. हात मोकळे होते, पाटल्या नव्हत्या. "पाटल्या पोराजवळ दिल्यात, दीपीच्या लग्नाला. गॅस बंद करून आलोय. शेजारच्या काकूला सांगून आलोय. माझं सगळं आवरलंय, मॅडम. तुम्ही फकस्त नीट वाचा."

मी नाही म्हणाले. मी त्यांचे पाय धरले, चौसष्ट वर्षांच्या, शाल-नारळ घेतलेल्या मी. म्हणाले, पोलिसांत जाऊ, परत पाणी शोधायला लावू, काहीही करू, पण हे नको. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. नका वाचू. निस्तं अक्षर तरी बघा. तिचंच हाय का, तेवढं सांगा. दोन वर्सं तुम्ही वळण लावलंसा तिला."

एवढंच तर मागत होत्या. मी डोळे पुसले, चष्मा लावला आणि कागद उलगडला. नुसतं वळण बघायचं, असं ठरवून. अक्षर दीपाचंच होतं. ‘श’ माझ्यासारखा काढलेला. ‘ष’ स्वच्छ वेगळा.

वळण बघायचं म्हणजे काय बघायचं? मला अक्षर दिसलं की शब्द दिसतो आणि शब्द दिसला की तो कुठं उभा आहे ते दिसतं. अर्धवट वाचायला मी कधी शिकलेच नाही. नऊ ओळी होत्या. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, इथं म्हणजे कुठं, तिथं म्हणजे कुठं, सगळं मला एका दमात समजलं, आणि या वेळी माझी कुठंही चूक झाली नाही.

शेवटच्या शब्दाच्या पूर्णविरामापर्यंत गेल्यावरच मी मान वर केली.

तानाबाई दारात चपला घालत होत्या.